हातातला माइक केसात गेला तेव्हा

(सांगलीत नाट्यसंगीत शिकणाऱ्या आणि हौशी रंगमंचावर काम करणाऱ्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सांगलीत संगीत नाटकावर बोलायचं म्हणजे इथल्याच पेठेत येऊन हळद विकायला बसण्यासारखं आहे. भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' इथंच केलं. देवल शेजारच्या हरिपूरचे, बालगंधर्व नागठाण्याचे. तेव्हा तुमचाच माल तुम्हाला विकायचा नाही. आजची गायिका सातासमुद्रापलीकडची आहे: निकोल शेरझिंगर. मुलींच्या पॉप ग्रूपमधून निघून ती लंडन आणि न्यूयॉर्कच्या संगीत नाटकात नायिका झाली. या प्रवासात गळ्याला, श्वासाला आणि कानाला नेमकं काय बदलावं लागतं, ते पाहू. कौतुक बेताचं करू.

आधी थोडक्यात हकिकत. जन्म १९७८, होनोलुलू. वाढली अमेरिकेतल्याच लुइव्हिलमध्ये. कॉलेजात शिकली ती नाटक. हे लक्षात ठेवा, कारण 'पॉपवाली एकदम नाटकात आली' असं जे सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. पाया नाटकाचा होता, मधली वीसेक वर्षं दुसऱ्याच घराण्यात गेली. २००१ मध्ये टीव्हीवरच्या निवडीतून 'ईडन्स क्रश' नावाचा ग्रूप जमला, त्यात ती होती. २००३ मध्ये 'पुसीकॅट डॉल्स'मध्ये आली. ही मुळात नाचणाऱ्या मुलींची मंडळी, रॉबिन अँटिन या नृत्यदिग्दर्शिकेनं १९९५ मध्ये उभी केलेली. तिचं पॉप ग्रूपमध्ये रूपांतर झालं आणि २००५ च्या पहिल्या अल्बमनं जगभर नाव झालं. स्टेजवर सहाजणी, पण मुख्य गाणं निकोलच्या गळ्यातलं. दुसरा अल्बम २००८ चा. २०१० पर्यंत घडी मोडली.

२०१४ च्या डिसेंबरात लंडनच्या पॅलेडियममध्ये 'कॅट्स'मधली ग्रिझाबेला. २०२३ मध्ये सॅव्हॉय थिएटरात 'सनसेट बुलेव्हार्ड'मधली नॉर्मा डेसमंड. २०२४ मध्ये त्या भूमिकेला ऑलिव्हिये, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचा मोठा पुरस्कार, मग नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला आणि २०२५ मध्ये तिथला तसाच पुरस्कार, टोनी. जाता जाता: सॅव्हॉय हे पूर्णपणे विजेच्या दिव्यांवर चालणारं पहिलं नाटकघर. साल १८८१, म्हणजे किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं त्याच्या पुढचंच.

आता गळ्याकडे येऊ.

पॉप गायिकेचा माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर असतो. इतक्या जवळून गायलं की तो माइक खर्जाचा भाग आपोआप फुगवतो. हळू, श्वास मिसळून गायलेली ओळसुद्धा भरदार आणि जवळची वाटते. म्हणून त्या गायकीत उसासा, शब्दाच्या शेवटी सोडलेला श्वास, सुरुवातीची घशातली खरखर हे सगळं अलंकार म्हणून चालतं. स्टुडिओत त्याच गळ्याचे चार-पाच थर एकावर एक चढवतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात नाचून दम लागला तर मागं रेकॉर्ड केलेला ट्रॅक आधार देतो, आणि दोन ओळींनंतर दुसरी कुणीतरी गाणं उचलते. ग्रूपमध्ये श्वास वाटून घेता येतो म्हणा ना!

नाटकात यातलं बहुतेक सगळं काढून घेतात.

श्वास मिसळलेला आवाज म्हणजे स्वरतंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण इथं चपखल बसतं. घोडीवर तार नेमकी टेकली, जवारी जमली, की स्वराभोवती स्वरांचं मोहोळ उठतं. जवारी बिघडली की तीच तार, तीच पट्टी, पण आवाज थिटा. स्वरतंतू स्वच्छ मिटले की वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक उंच स्वर, तयार होतात. सेकंदाला अडीच ते चार हजार कंपनांच्या टप्प्यात आपला कान सगळ्यात तिखट असतो. आवाजात त्या टप्प्याची धार असेल तर वीसेक वादकांच्या डोक्यावरून शब्द मागच्या रांगेत पोचतो. धार नसेल तर ध्वनियंत्रणा कितीही वर करा, नुसता गोंगाट वाढतो.

या गायकीतला जो खुला, जोरकस वरचा आवाज, त्याला 'बेल्ट' म्हणतात. बाईचा बेल्ट साधारणपणे पांढरी एकच्या (पाश्चात्त्य 'सी' पट्टीच्या) तार षड्जापासून तिथल्या गंधारापर्यंत रंगतो. तार षड्जाला स्वरतंतू सेकंदाला ५२३ वेळा आपटतात. छातीचा आवाज तसाच रेटत वर नेला तर तंतूंच्या पुढच्या तिसऱ्या भागाच्या कडेला, जिथं आपटणं सगळ्यात जोराचं असतं, तिथं सूज येते. पुढं गाठी धरतात. चोरट्या, म्हणजे पातळ हलक्या आवाजात गेलं तर सुरक्षित, पण पात्राचा दम जातो. उपाय दोन्हींच्या मधला. तंतू छातीच्या आवाजापेक्षा थोडे पातळ धरायचे, जबडा मोकळा, 'आ' किंचित 'ॲ'कडे झुकवायचा. पॉपमधून आलेल्याला ही मधली जागा पक्की करायला वेळ लागतो, कारण आजवर तिथं माइकनं भागवलेलं असतं.

दुसरी अडचण व्यंजनांची. पॉपमध्ये शब्दाचं शेपूट गिळलं तरी चालतं, श्रोत्याला गाणं पाठ असतं. नाटकाचा प्रेक्षक गाणं पहिल्यांदाच ऐकतोय, आणि त्या ओळीतच कथा पुढं सरकतेय. शेवटचा 'त' किंवा 'ट' ऐकू आला नाही तर प्रसंगच कळत नाही. म्हणून तालमीत गाणं आधी नुसतं बोलायला लावतात: ठेक्यात, चालीशिवाय, समोरच्या पात्राकडे बघून. मग चाल. आपल्याकडे पद म्हणताना 'शब्द आधी, तान मागून' हा धडा जुन्या मंडळींनी दिला, आणि पुढं तानांच्या हौसेनं तो मोडलाही.

हरकतींचं तेच. पॉपमध्ये रोज वेगळी हरकत म्हणजे कलाकारी. नाटकात ती अडचण ठरते. दिवा बदलणं, पडदा सरकणं, दुसऱ्याचा प्रवेश हे सगळं स्वरलिपीतल्या ठरलेल्या मात्रेवर बांधलेलं असतं. रंगमंच व्यवस्थापक बाजूला बसून एकेका क्यूला 'गो' म्हणतो. गायिकेनं शेवटचा स्वर चार मात्रा जास्त धरला तर दिवा आधी जातो आणि ती अंधारात गात राहते. म्हणूनच तिकडं 'वन्स मोअर' नाही! टाळ्या कितीही वाजू देत, गाणं परत होत नाही. मात्र एक सोय आहे, ती तुम्हाला ओळखीची वाटेल. संवाद लांबला तर वाद्यवृंद दोन-चार मात्रांचा तुकडा घोळवत राहतो आणि ठरलेला शब्द पडला की पुढं जातो. त्याला 'व्हॅम्प' म्हणतात. आपला ऑर्गनवाला नटाच्या तोंडाकडे बघत नेमकं हेच करतो, फक्त कागदावर लिहून ठेवत नाही.

आता माइक. नाटकात तो हातात नसतो. तांदळाच्या दाण्याएवढी कॅप्सूल केसांच्या रेषेवर, कपाळाच्या वर, विगच्या कडेला क्लिपनं बसवतात. तार विगखालून मानेवरून पाठीत, ट्रान्समीटर कमरेच्या पट्ट्यात किंवा विगमध्येच. बॅटरी दर प्रयोगाला नवी. शत्रू एकच, घाम. थेंब कॅप्सूलच्या जाळीत शिरला की आवाज एकदम रजईखालून आल्यासारखा होतो. म्हणून नायिकेला बहुधा दोन माइक लावतात, एक बसला तर दुसरा. दोन पात्रं मिठी मारतात तेव्हा दोघांच्या कपाळावरचे माइक एकच आवाज किंचित मागंपुढं पकडतात आणि तो पोकळ होतो. त्यामुळे ध्वनिचालक एकाचा खटका खाली घेतो. खरं तर तो सगळा प्रयोगभर ओळीओळीला बोटं चालवत असतो. ज्याची ओळ, त्याचाच माइक उघडा. गायिकेनं दिलेल्या वेळेआधी ओळ घेतली तर पहिला शब्द बंद माइकमध्ये जातो. आपल्या हौशी प्रयोगांत आठही माइक सरसकट उघडे ठेवतात, मग पंख्याचा आवाज, साडीची सळसळ आणि विंगेतली कुजबुज सगळं प्रेक्षकांना प्रसाद म्हणून मिळतं.

पॉपच्या कार्यक्रमात कानात मॉनिटर असतो, स्वतःचा आवाज आणि ठोका थेट कानात. नाटकात कान बहुधा मोकळे ठेवतात, कारण समोरच्याचं ऐकायचं असतं. ताल दिसतो तो बाल्कनीच्या कठड्यावर लावलेल्या पडद्यात, तिथं संगीत संचालकाचा हात दिसतो. प्रेक्षकांकडे बघतेय असं भासवून त्या हातावर नजर ठेवायची, ही सवय जमायला वेळ लागतो.

ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात. सहा दिवस काम, दोन दिवशी दोन-दोन. नॉर्मासारख्या भूमिकेत दोन मोठी गाणी, एक पहिल्या अंकात आणि एक दुसऱ्या, शिवाय मधे गाऊन बोलायचे प्रवेश. म्हणून ठरावीक प्रयोगांना दुसरी अभिनेत्री नॉर्मा करायची: लंडनला रेचल टकर, न्यूयॉर्कला मँडी गोन्झालेझ. यात कमीपणा काहीच नाही, हा हिशोब आहे. त्याखेरीज अंडरस्टडी, म्हणजे गरज पडली तर ती भूमिका करायला तयार ठेवलेली अभिनेत्री असते. 'स्विंग' म्हणून नट असतात, त्यांना समूहातल्या अनेकांच्या जागा पाठ असतात. सकाळी फोन आला की संध्याकाळी कुणाचीही जागा घ्यायची. आपल्याकडे बदली नट ऐनवेळी शोधतात, तिकडं त्याला पगार देऊन बसवून ठेवतात. इतकाच फरक, पण मोठा.

गळा टिकवण्याची रीत साधी आहे. प्रयोगाआधी वीस-पंचवीस मिनिटं आवाज तापवायचा. पेल्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ बुडवून 'ऊ' धरत बुडबुडे काढायचे, खालून वर आणि वरून खाली सरकत, पाचेक मिनिटं. तोंडाशी उलटा दाब तयार होतो आणि तंतू हलक्या हातानं आपटतात. प्रयोगानंतरही दोन मिनिटं हेच. पाणी मात्र तासन् तास आधीपासून प्यायचं. गिळलेलं पाणी तंतूंना लागतच नाही, ते अन्ननलिकेत जातं. ओलावा पोचायचा तो रक्तातून. प्रवेशाआधी विंगेत बाटलीभर पाणी ढोसलं तर पोट तेवढं डचमळतं.

मग पॉपमधली वर्षं फुकट गेली का? अजिबात नाही, आणि 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये ते उघड दिसतं. नॉर्मा ही मूकपटांची विसरली गेलेली तारका. जेमी लॉइड या दिग्दर्शकानं तिचा बंगला, जिना, झुंबरं सगळं काढून टाकलं. रिकामा रंगमंच, धूर, काळ्या झग्यातली अनवाणी बाई, आणि हातात कॅमेरा घेऊन फिरणारी माणसं. तिचा चेहरा मागच्या प्रचंड पडद्यावर त्याच क्षणी दिसतो. आता पाहा, नाटकाचा नट मागच्या रांगेसाठी चेहरा मोठा करतो. इथं तसं केलं तर पडद्यावर विद्रूप दिसेल. गळा अकराशे प्रेक्षकांसाठी फेकायचा आणि भुवई मात्र हातभरावरच्या भिंगासाठी हलवायची. कॅमेरा कुठल्या बाजूला आहे हे न बघता ओळखायचं, प्रकाशात हनुवटी किती वळवायची, आठ-आठच्या मोजणीत ठरल्या जागी पाय कसा टाकायचा, हे सगळं पॉपच्या व्हिडिओंनी तिच्या अंगात मुरवलं होतं. नाटकात वाढलेल्या अनेकींना हे शिकावं लागलं असतं.

ग्रिझाबेला मात्र वेगळी परीक्षा होती. भूमिका छोटी, पण ज्या एका गाण्यासाठी लोक येतात ते तिचं. बराच वेळ रंगमंचाबाहेर थंड पडायचं आणि मग येऊन, मधे पट्टी बदलत, एकदम शिखर गाठायचं. अशा भूमिकेत विंगेत पुन्हा आवाज तापवणं चुकवता येत नाही.

याच वाटेनं गेलेल्या आणखीही आहेत. स्पाइस गर्ल्समधली मेलनी सी २००९ मध्ये 'ब्लड ब्रदर्स'मध्ये कष्टकरी आई झाली आणि तिला ऑलिव्हियेचं नामांकन मिळालं. मेल बी २००४ मध्ये ब्रॉडवेवर 'रेंट'मध्ये होती. डेस्टिनीज चाइल्डमधली मिशेल विल्यम्स २००३ मध्ये 'आयडा'त. यांतली मेलनी सी मला जास्त महत्त्वाची वाटते; तिथं नटवं काही नाही, साध्या झग्यात उभं राहून गायचं. आणि मैफलीतून रंगमंचावर आलेल्या हिराबाई बडोदेकर तर मिरजेतच जन्मल्या.

शेवटी पट्टीबद्दल, कारण चिठ्ठीवर तोच प्रश्न आलाय: 'नायिकेची पट्टी काळी दोन असेल आणि नाटक पांढरी चारमध्ये बसवलं असेल, तर काय करतात?' आपल्याकडे ऑर्गनवाला जागेवर पट्टी बदलतो. तिकडं वीस वादकांचे कागद नव्यानं लिहावे लागतात. व्हायोलिनची मोकळी तार हातची जाते, तुतारीला अडचणीचे स्वर येतात, आणि गाण्याच्या अलीकडचं-पलीकडचं संगीत जोडायला चार मात्रांचा नवा पूल बांधावा लागतो. म्हणून पट्टीचा निर्णय तालमींच्या पहिल्या आठवड्यात, पियानोवर घेतात. त्यासाठी गायिकेला गाणं एकदा गायला लावत नाहीत. सलग तीनदा, तिसऱ्यांदा चालत-फिरत. तिसऱ्या वेळी जो वरचा स्वर न ओरडता लागतो, त्यावरून पट्टी ठरते. तुम्हीही स्पर्धेच्या तालमीत तेवढंच करा, आणि तिसऱ्या वेळी मोबाइल दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा. शब्द कळतात का, ते नाटक न पाहिलेल्या माणसाला ऐकवून विचारा.