नव्व्याण्णव मोजून झाली

(दृश्य : जालना–अंबड रस्त्यालगतचं मोकळं वावर. दिवस मावळतीला. मेंढरांचा कळप जाळीच्या वाड्याकडे येतो. घंटांचा आवाज.)

निवेदन : पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं रान. मालकानं खतासाठी मेंढरं बसवायला सांगितली आहेत. रात्रभर कळप इथं बसेल, लेंड्या जमिनीत मुरतील आणि दोन दिवसांनी वाडा पुढच्या वावरात हलेल.

जाळीचं तोंड बघा. एका वेळी एखाद-दुसरं मेंढरू जाईल एवढंच ते उघडं आहे. सगळी एकदम आत गेली, तर मोजणार कशी?

(दृश्य : मेंढपाळाचे ओठ हलतात. काठी जमिनीवर टेकते. निवेदन नाही, १५ सेकंद.)

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातला दाखला मराठवाड्याला फोड करून सांगावा लागत नाही. १०० मेंढरं, त्यातली ९९ रानात, आणि एकाचा शोध. शोधावर आणि आनंदावर प्रवचनं होतात. त्याआधीची गोष्ट मात्र निसटून जाते. ९९च भरली हे कळायला आधी कोणीतरी मोजलं होतं.

(दृश्य : चर्चचं लाकडी कपाट उघडतं. जाड पुठ्ठ्याची रजिस्टरं. वाळवीनं खाल्लेले कोपरे. बोट एका ओळीवर थांबतं.)

बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यानं आपला विश्वास स्वतः जाहीर करणं), विवाह, दफन. मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद, आणि मंडळीच्या जाळीचं तोंड म्हणजे ही चार रजिस्टरं. यांत कोणी खोटं लिहिलेलं नसतं, तरीही बेरीज खोटी निघते. चाकणला किंवा भोसरीला जाऊन १५ वर्षं झालेलं कुटुंब गावातली वर्गणी न चुकता भरतं. का? मुलीच्या लग्नाला चर्च लागतं आणि म्हाताऱ्यांना गावच्याच दफनभूमीत जागा हवी असते. त्यामुळे सभासदांची यादी लांबलचक आणि रविवारी बाकं मोकळी. वार्षिक सभेत वाचला जातो तो यादीचा आकडा.

खरी मोजणी एका संध्याकाळी होते. रजिस्टर, १०० पानी वही आणि दोन माणसं. एकाला सगळ्या घरांच्या तीन पिढ्या पाठ असाव्यात, दुसऱ्याच्या फोनमध्ये सगळ्यांचे नंबर असावेत. म्हणजे एक म्हातारा आणि एक पोरगा. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नसला तरी चालतं, किंबहुना नसलेलाच बरा. त्याच्यासमोर लोक खरं बोलायला बिचकतात.

(दृश्य : वहीवर पट्टीनं रेघा. चार रकाने. क्लोज-अप.)

पहिला रकाना : इथं येतात. दुसरा : बाहेरगावी आहेत आणि तिथल्या मंडळीत जातात. तिसरा : बाहेरगावी आहेत, कुठंच जात नाहीत. चौथा : गावातच आहेत, येत नाहीत.

दुसऱ्या रकान्यातल्यांना सभासदत्वाच्या बदलीचं पत्र द्यायचं, आणि तेही त्यांनी मागायची वाट न बघता. पत्र दिलं की वर्गणी गेली, या भीतीनं ते अडवून धरलं जातं. मग ते कुटुंब तिथं पाहुणं आणि इथं नुसतं नाव, असं अधांतरी राहतं. तिसऱ्या रकान्यातल्यांना नुसता फोन पुरत नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत खोली करून राहणाऱ्या पोराला ‘जवळच्या चर्चमध्ये जात जा’ म्हटल्यानं तो जात नाही. त्या चर्चमधल्या एका माणसाचं नाव, नंबर आणि उपासनेची वेळ द्यावी लागते, आणि त्या माणसालाही पोराचा नंबर द्यावा लागतो. पहिला फोन तिकडून आला पाहिजे.

घोळ चौथ्या रकान्यात होतो. समोर कारण म्हणून ‘विश्वासात थंड’ असं लिहून वही मिटतात. हे कारण नव्हे, हा शेरा झाला. कारणं अशी असतात : कमिटीच्या निवडणुकीत पडले. लग्नाच्या पंगतीत मान राहिला नाही. वर्गणी तीन वर्षं थकली आणि नाव वाचून दाखवतील याची लाज वाटते. भावाभावांत बांधावरून वाद आहे, एक भाऊ पहिल्या बाकावर बसतो म्हणून दुसरा येत नाही. बाजार रविवारीच भरतो. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे, आणि ‘संजीवन सभा (विश्वास जागवणारी प्रार्थनासभा) घेऊ’ हा यांपैकी एकाचाही नाही.

त्याच अध्यायात दुसरा दाखला आहे. बाईकडं १० नाणी होती, एक हरवलं. ते रानात नाही, घरातच हरवलं होतं. तिनं दिवा लावला आणि घर झाडून काढलं. चौथा रकाना म्हणजे ते घर झाडणं.

(दृश्य : संध्याकाळ. मोटारसायकल वस्तीत शिरते. ओटा. म्हातारी बाई स्टीलच्या पेल्यातून पाणी देते. आवाज तसाच ठेवावा : “मावशी, तीन रविवार झाले, दिसला नाहीत. तब्येत बरी आहे ना?”)

सलग तीन रविवार कोणी दिसलं नाही, तर येत्या मंगळवारी त्या घरी माणूस जातो. एका रविवारी पाहुणे असतात, दुसऱ्या रविवारी ताप असतो. तिसऱ्या रविवारी सवय लागायला सुरुवात होते. जाणारा पाळक नसावा, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळातला किंवा महिला संघातला असावा. पाळक दारात दिसला की आधी वर्गणी आठवते. सोबत पावतीपुस्तक तर मुळीच नको.

(दृश्य : जालना. जुन्या दगडी भिंती, चर्चचा मनोरा, चिंचेची सावली. ड्रोन.)

आता ही मंडळी इथं आली कशी ते पाहू. जालन्याला निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी होती. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनचं काम इथं आणलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. जन्मानं ब्राह्मण. मुंबईत शिकले, तिथंच १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. १८६०च्या दशकात ते जालन्यात काम करू लागले आणि त्यांचं ऐकायला पुढे आले ते प्रामुख्यानं मांग आणि महार समाजातले लोक. गावकीतलं काम आणि बलुतं यांवर ज्यांचं पोट, त्यांनी नवा विश्वास धरला की गावाशी संबंध ताणला जायचा. मग राहायचं कुठं, खायचं काय? शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ नवं गावच वसवलं. नाव ठेवलं बेथेल. हिब्रू शब्द, अर्थ देवाचं घर.

बेथेल म्हणजे चर्चच्या आधी राहायची सोय होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. वाढ म्हणजे केवळ बाप्तिस्म्याचे आकडे, असं त्या पिढीनं मानलं नव्हतं. माणूस आला तर त्याचं बिऱ्हाड कुठं टेकणार, पोर शिकणार कुठं, हा हिशोब सोबत होता. तिकडे औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, चर्च मिशनरी सोसायटीचं अँग्लिकन काम चाललं होतं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आणि स्कॉटिश वळणाच्या नि इंग्रजी वळणाच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. रोमन कॅथोलिक औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालचा.

(दृश्य : गल्ली. ओट्यावर बायका लसूण सोलत बसल्या आहेत. पोरं धावतात.)

सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, मराठवाड्यात पसरली ती सोयरिकीच्या वाटेनं. एका गावचा जावई, दुसऱ्या गावचा मामा, तिसऱ्या गावची आत्या. मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन, जन्म १८९७, मध्य प्रदेशातलं दमोह, यांनी हीच गोष्ट अभ्यासून मांडली : माणसं एकेकटी येत नाहीत, नात्यागोत्याच्या पुलावरून येतात. वाढ तपासायला त्यांच्या परंपरेतली तीन खाती आजही उपयोगी पडतात. जन्मानं झालेली वाढ, बदलीनं झालेली वाढ आणि नव्या विश्वासानं झालेली वाढ. मागच्या १० वर्षांची नव्या सभासदांची नोंद या तीन खात्यांत वाटून बघावी. बऱ्याच मंडळ्यांत पहिलं खातं भरलेलं निघतं, दुसरं शेजारच्या मंडळीतून आलेल्यांचं, आणि तिसऱ्यात चार-दोन नावं, तीही लग्न करून आलेल्या सुनांची.

कारण सोयरीक जिथं संपली तिथं मंडळीही संपली. पुलाचीच भिंत झाली. गृहसभा, म्हणजे घरात भरणारी प्रार्थनासभा, कायम एकाच घरी, एकाच आळीत भरली, तर शेजारच्या आळीतला माणूस उंबरा ओलांडत नाही, आणि त्याला कोणी अडवलेलंही नसतं. ख्रिस्तात जात नाही असं वेदीवरून म्हणायचं आणि मुलगी देताना जुनी आळी विचारायची, हे बाहेरच्यांना दिसत असतं.

गृहसभेला ८ ते १२ माणसं. त्यापेक्षा जास्त झाली की चौघंच बोलतात, बाकीचे ऐकतात. जागा दर आठवड्याला बदलायची, घर छोटं असलं तरी. खायला चहाच, जास्तीत जास्त मुरमुरे. एकीनं भजी केली की पुढच्या घरावर गुलाबजामचा दाब येतो, आणि तिसरं घर सभाच नाकारतं. वेळ ४५ मिनिटं. स्वयंपाकाच्या वेळेत घुसली की बायका उठून जातात.

(दृश्य : पेटी, ढोलकी, टाळ. भजन पूर्ण ऐकू द्यावं. ४० सेकंद.)

शब्दही तपासावे लागतात. ‘तारण’ घ्या. मंडळीत वाढलेल्याला त्याचा अर्थ, पापातून सुटका, सांगायची गरज नाही. पण सोसायटीच्या कर्जासाठी जमीन लिहून दिलेल्या शेतकऱ्याच्या कानावर ‘तारण मिळेल’ पडलं, की त्याच्या डोळ्यांसमोर सातबारा येतो. ‘पातक’, ‘प्रायश्चित्त’, ‘अभिषेक’ यांना त्याच्याकडं आधीचे, वेगळे अर्थ आहेत. नवा माणूस बसला असेल त्या दिवशी असे शब्द एकदा सोडवून सांगायचे. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीचं वळण उचललं, ते काय गोडवा म्हणून नव्हे. लोकांच्या कानात आधीच बसलेली लय त्यांना हवी होती.

‘हरवलेले’ हा शब्द तर जपूनच वापरावा. बाहेरच्याला तो शिवीसारखा लागू शकतो. त्या अध्यायातलं मेंढरू धन्याचं आहे, नाणं त्या बाईचं आहे, तिसऱ्या दाखल्यातला घर सोडून गेलेला धाकटा मुलगा बापाचा आहे. कोणाचं तरी असल्याशिवाय काही हरवत नाही.

(दृश्य : मैदानावरचा मांडव, हॅलोजन, उचललेले हात.)

तीन दिवसांचं कन्व्हेन्शन. मांडव, ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी, रात्री १०ला आवाज बंद. एवढं सगळं नीट जमतं. शेवटच्या रात्री विश्वास धरल्याची खूण म्हणून हात वर होतात, ते मोजले जातात, अहवालात आकडा जातो. पण नाव, गाव आणि नंबर घ्यायला वही-पेन घेऊन कोणी उभं नसतं. दर १० खुर्च्यांमागं एक माणूस हवा, आणि त्यानं सात दिवसांच्या आत त्या घरी जायला हवं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच हात वर होतात.

मदत आणि बाप्तिस्मा यांच्या वह्या वेगळ्या, माणसंही वेगळी. राज्यघटनेचं अनुच्छेद २५ आपल्या धर्माच्या प्रचाराचा हक्क देतं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली स्पष्ट केलं आहे. आणि अनुसूचित जातींबाबतच्या राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, ही गोष्ट बाप्तिस्म्याच्या आधीच त्याच्यासमोर ठेवायची.

(दृश्य : हंगामाचा सण. वेदीसमोर कणसं, भोपळे, ज्वारीची पेंढी, पाय बांधलेली कोंबडी. लिलाव. हशा. निवेदन नाही, ३० सेकंद.)

(दृश्य : पहाट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, शेळी. हेडलाइटचा उजेड.)

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एक जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या मंडळ्यांची कितीतरी बाकं पुढचे पाच-सहा महिने अशीच मोकळी होतात. रजिस्टरात मात्र ही माणसं ‘गैरहजर’.

फडावर रविवार नसतो. ट्रॉली रात्री ३ला आली तर ३ला भरायची. सकाळी १०ची उपासना त्यांच्या काय कामाची? कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, जायचं ते अंधार पडल्यावर, भाकरी चुलीवर असताना. २० मिनिटं पुरे. एक भजन, फोनवर लावलेला शास्त्रपाठ, नाव घेऊन प्रार्थना. शेजारच्या कोपीतले येऊन बसतात, त्यांना उठवायचं नाही आणि त्यांच्यासाठी आवाजही वाढवायचा नाही. कारखान्याच्या जवळ दुसरी मंडळी असेल, तर ही जबाबदारी तिच्याकडं आधीच सोपवलेली असावी.

त्यासाठी निघायच्या आदल्या दिवशी एक पान भरावं लागतं.

(दृश्य : ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवलेली वही. बॅटरीच्या उजेडात लिहिणारा हात.)

नावं. कारखाना. मुकादमाचा नंबर. बरोबर नेलेली पोरं किती, आजीकडं ठेवलेली किती, आणि त्या घरी रविवारी कोण डोकावणार त्याचं नाव. शेवटचा रकाना परतल्याच्या तारखेचा. तो आज भरत नाहीत. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला, माणसं उतरली, मोजून झाली की मग.

(दृश्य : ट्रॅक्टर सुरू होतो. आजीच्या हातात धाकटीचा हात. धूळ. वही मिटत नाही.)