घंटा वाजवायची, पण वीस टप्प्यांनी

(दृश्य: व्हरांड्यात टांगलेली पितळी घंटा, अगदी जवळून.)

ही घंटा वाजवायला शिपाईकाकांना दोन सेकंद लागतात. नागपूरच्या महाल भागातल्या या शाळेत आठवीच्या पोरांनी त्याच कामाला अकरा दिवस लावले.

(दृश्य: हॉलची फरशी, वरून. उतरणी, दोऱ्या, डबे.)

कंचा, म्हणजे काचेची गोटी, घरंगळतो, पट्टी उचलते, बैल धावतो, पुस्तकं पडतात, आणि शेवटी दोरी ओढली जाते. मोजून वीस टप्पे. उतरणी कळमन्याच्या फळबाजारातून आणलेल्या संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांच्या. बैल तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी, चाकांचा, घरच्या माळ्यावरून काढलेला. विकत आणला तो फक्त दोरा.

सोपं काम मुद्दाम अवघड करणाऱ्या अशा यंत्रांना रूब गोल्डबर्गचं नाव आहे. हा अमेरिकन व्यंगचित्रकार मुळात इंजिनियर. १९०४ मध्ये बर्कलेहून पदवी घेतली, सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी-सांडपाणी खात्यात काही महिने नोकरी केली आणि मग चित्रं काढायला लागला. त्याने यंत्रं कागदावर काढली. कागदावर घर्षण नसतं. इथे आहे.

(दृश्य: लाकडी पट्टी, खाली पेन्सिलीचा टेकू. पट्टी झुकते. पुन्हा झुकते.)

हा सातवा टप्पा. यानेच पोरांचे तीन दिवस खाल्ले.

बैलापुढे एक ठोकळा आहे, रेल्वे फाटकासारखा. तो दोऱ्याने पट्टीच्या आखूड टोकाला बांधलाय. लांब टोकावर कंचा पडला की ठोकळा वर जायचा आणि बैल सुटायचा. हिशेब वहीत तयार होता: वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, ज्या बाजूचं जास्त ती बाजू खाली. कंचा ५ ग्रॅमचा, टेकूपासून २४ सेंटीमीटरवर, गुणाकार १२०. ठोकळा २० ग्रॅमचा, ६ सेंटीमीटरवर, तोही १२०. अगदी बरोबरी. म्हणजे कंचा जरा जोरात पडला की काम झालं.

पण फाटक कंचा यायच्या आधीच उघडत होतं.

(दृश्य: वेणी घातलेली मुलगी, गुडघ्यांवर बसलेली.)

"सर, थे पट्टी आपोआपच झुकून राह्यली."

सरांनी उत्तर दिलं नाही. हे आम्हाला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाने पट्टी इतवारीच्या सराफ्यात नेली, काट्यावर मोजून आणली. १५ ग्रॅम. पट्टीलाही वजन असतं, हे तरफेच्या धड्यातल्या आकृतीत कुणी दाखवत नाही. तिचा मध्य टेकूपासून ९ सेंटीमीटर लांब. पंधरा नव्वे १३५. कंचा नसतानाच पट्टी ठोकळ्याला भारी.

मग टेकू ६ वरून ८ वर सरकवला. आता ठोकळ्याचे १६०, एकट्या पट्टीचे १०५. फाटक बंद. कंचा पडला की त्याचे ११० मिळून २१५. फाटक उघडं. दोन सेंटीमीटरचा खेळ. पण ते दोन सेंटीमीटर या पोरांना आता कुणी विचारून बघावं.

(दृश्य: रांगेत उभी केलेली पुस्तकं, लहान ते मोठी.)

पुढे खिशातली डायरी, वही, गाईड, नकाशासंग्रह. डॉमिनोसारखी रांग. ठोकळा सगळ्या बाजूंनी आपल्या दीडपट असलेल्या ठोकळ्याला पाडू शकतो, कारण उभ्या ठोकळ्यात ऊर्जा आधीच साठलेली असते. ती साठवतो त्याला उभं करणारा हात. गाईडाचा याहून चांगला उपयोग आम्ही तरी पाहिला नाही.

(दृश्य: फळा. खडूने लिहिलेलं ०.९५.)

प्रत्येक टप्पा शंभरातून ९५ वेळा चालला तरी वीस टप्पे सलग चालायची शक्यता साधारण ३६ टक्के. ९९ वेळा चालला तर ८२. पोरांनी हे आधी फरशीवर अनुभवलं आणि मग फळ्यावर मांडलं. क्रम हाच हवा.

(दृश्य: कूलर. पडलेली वही.)

आणि कूलर. एप्रिल होता, त्यामुळे तो बंद करायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या वाऱ्याने वही दोनदा पडली. मध्ये संत्र्याची पेटी आडवी लावली.

(दृश्य: शिपाईकाका दारात, हाताची घडी.)

"अबे, दोरी ओढली का वाजते घंटा. एवढ्याचा काहून खटाटोप?"

(दृश्य: अकरावा दिवस. सलग एकच शॉट. निवेदन नाही. कंच्याचा आवाज, चाकांचा आवाज, पुस्तकं. मुलांचे चेहरे. घंटा.)

हॉल परीक्षेसाठी हवा होता, त्याच संध्याकाळी सगळं सुटं केलं.

(दृश्य: व्हरांडा. दप्तरं घेऊन बाहेर आलेली मुलं.)

घंटा ऐकून शेजारचा पाचवीचा वर्ग मात्र शाळा सुटली म्हणून बाहेर आला. त्यांना परत आत बसवायला काकांना दहा मिनिटं लागली.