नवऱ्याचीही चिठ्ठी

नमस्कार. मागच्या रांगांमध्ये काही पुरुष मंडळी बसली आहेत, त्यांनी कृपया पुढे यावं. विषय बायकांच्या अंगावरून पांढरं जाण्याचा असला, तरी आज मला तुमच्याशीच जास्त बोलायचं आहे.

बाई आपल्या नागपूरच्या धरमपेठेतली असो की पारडीतली, माझ्यासमोर बसली की म्हणते, "मॅडम, पुन्हा पांढरं जाऊन राहिलं." हे 'पुन्हा' मला छळतं. पातळ, राखाडी-पांढरा स्राव, मासळीसारखा वास, संबंधानंतर तो वाढणं, ही बॅक्टेरियल व्हजायनोसिसची लक्षणं. योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करून तिथली राखण करतात. ते घटले की गार्डनरेलासारखे दुसरे जिवाणू माजतात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांनी आराम पडतो, पण निम्म्याहून अधिक जणींना वर्षाच्या आत तोच त्रास होतो. मग ती स्वतःलाच अस्वच्छ समजते आणि साबणानं आतून धुवायला लागते. त्यानं उरलेसुरले राखणदारही जातात. बायांनो, हे आजच थांबवा.

आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. बायकांची ही गत, तर त्यांच्या नवऱ्यांना कोण विचारणार?

मेलबर्नच्या संशोधकांनी विचारलं. 164 जोडपी घेतली, सगळी एकमेकांशीच संबंध असलेली. निम्म्या जोडप्यांत फक्त बाईला औषध दिलं. उरलेल्यांत पुरुषालाही सात दिवस, दिवसातून दोनदा, मेट्रोनिडॅझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी आणि शिश्नावर लावायला 2 टक्के क्लिंडामायसिनचं मलम. 12 आठवड्यांत पहिल्या गटातल्या 63 टक्के बायकांना आजार पुन्हा झाला, दुसऱ्या गटात 35 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. 2025 च्या मार्चमध्ये तो प्रसिद्ध झाला. आधीच्या प्रयोगांत पुरुषांना नुसत्या गोळ्या दिल्या होत्या, त्यातून फारसं हाती लागलं नव्हतं. पण हे जिवाणू शिश्नाच्या पुढच्या कातडीखालीही राहतात, म्हणून मलम हवं. तोवर पुस्तकात 'जोडीदाराला औषध नको' असंच होतं, आणि मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आले. त्याची मला खंत आहे.

यावर बायका घाबरून म्हणतात, "नवऱ्याले कसं सांगू? तो माझ्यावरच संशय घेईन." हा आजार झाला म्हणजे कुणी बाहेर गेलं, असा अर्थ अजिबात नाही. त्या अभ्यासातली जोडपी आठवा. मात्र औषध दुकानातून परस्पर आणू नका. पांढरं जाण्याची कारणं अनेक, तपासणी आधी. मेयो, मेडिकल, डागा, कुठल्याही दवाखान्यात जा, पण दोघं जा.

परवा एक गृहस्थ बाहेर बाकावर बसून होते. मी आत बोलावलं, पाच मिनिटांत सगळं समजावलं. स्वतःच्या नावाची औषधाची चिठ्ठी हातात घेऊन ते म्हणाले, "मॅडम, हे आधी काहून नाही सांगितलं कोणी?"