मागील बाकी पुढे चालू

मंडळी, 'फुटबॉल' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो खेळ येतो तो आज बाजूला ठेवा. मी बोलणार आहे ते अमेरिकन फुटबॉलबद्दल, ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. त्यातही मैदानाबद्दल फारसं नाही. मी पेशाने हिशेबनीस. डेन्व्हरला गेलो तेव्हा शेजारीपाजारी सगळे तिथल्या ब्रॉन्कोज संघाचे भक्त. खेळ मला अर्धामुर्धाच कळायचा, पण हंगाम संपून मार्च उजाडला की त्यांच्या गप्पांत हप्ते, बाकी, पुढच्या वर्षावर टाकलेला खर्च असलं काही यायला लागायचं आणि माझे कान टवकारायचे.

एनएफएल ही या खेळाची व्यावसायिक लीग, तिच्यात ३२ संघ. मधलं २०१० हे एक वर्ष सोडलं, तर १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे, तीच सॅलरी कॅप. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२४ साली २५ कोटी ५४ लाख. मालक कितीही गब्बर असो, मर्यादा सगळ्यांना तीच. मार्चच्या मध्यावर एका बुधवारी न्यूयॉर्कच्या घड्याळात चार वाजतात, आमच्याकडे दुपारचे दोन, तेव्हा लीगचं नवं वर्ष सुरू होतं. त्या क्षणी प्रत्येकाची वही मर्यादेच्या आत हवी. उन्हाळ्यात संघात ९० जण असतात, पण हंगाम सुरू होईपर्यंत हिशेबात धरतात ते फक्त सर्वांत महागडे ५१. तरीही अनेकांची तारांबळ उडते.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? आयपीएलमध्येही थैली असते. असते, पण तिथला हिशेब सरळ. २०२५ साठीच्या लिलावात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, १२० कोटींच्या थैलीतून २७ गेले, विषय संपला. एनएफएलमध्ये पैसे हातात कधी पडले आणि वहीत कधी लिहिले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळी गंमत या फटीत आहे.

उदाहरण माझं, नियम त्यांचा. एका खेळाडूचा यंदाचा पगार २ कोटी डॉलर आहे, करार अजून पाच वर्षांचा. संघ त्याला म्हणतो, बाबा रे, २५ लाख पगार ठेव, उरलेले १ कोटी ७५ लाख आजच बोनस म्हणून घे. तो कशाला नाही म्हणेल? वर्षभर हप्त्याहप्त्याने मिळायचे ते एकरकमी मिळाले. वहीत मात्र बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागता येतो, म्हणजे वर्षाला ३५ लाख. यंदाचा त्याचा बोजा २ कोटींवरून ६० लाखांवर आला. १ कोटी ४० लाखांची जागा मोकळी झाली, आणि एक पैसाही वाचला नाही! यंत्राचा खर्च घसाऱ्याने विभागतो तसंच हे. फरक इतकाच की यंत्राचा गुडघा निखळत नाही.

न्यू ऑर्लिन्सचा सेंट्स संघ या कलेत मुरलेला. २०२१ साली कोविडमुळे मर्यादाच १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली, आणि हे जवळपास १० कोटींनी वर. करारामागून करार उसवून पुन्हा शिवले. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ड्रू ब्रीस याने निवृत्त होण्याआधी आपला २ कोटी ५० लाखांचा पगार कागदावर १० लाख ७५ हजारांवर आणून दिला. मला यात कौतुक वाटतं आणि थोडी धास्तीही. ऋण काढून सण, पण दर वर्षी.

मग खेळाडूला काढायचं ठरलं तर? न लिहिलेले सगळे हप्ते एकदम वहीत येऊन आदळतात. याला ते डेड मनी म्हणतात. आपण बुडीत म्हणू. १ जूननंतर काढलं, किंवा मार्चमध्येच काढताना तशी नोंद करून घेतली, तर ते दोन वर्षांत वाटता येतं. मार्चमधल्या नोंदीची ही सवलत वर्षाला दोघांपुरतीच.

आमच्या ब्रॉन्कोजने हे पुरतं भोगलं. २०२२ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला आणलं आणि डेन्व्हरकडून एकही सामना खेळण्याआधीच त्याला २४ कोटींहून मोठी करारवाढ दिली. खेळ काही जमला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये घाई अशी, की आणखी काही दिवस ठेवला असता तर २०२५ चा ३ कोटी ७० लाखांचा पगारही हमीचा झाला असता. काढला. बुडीत साडेआठ कोटी: ५ कोटी ३० लाख त्या वर्षी, ३ कोटी २० लाख पुढच्या. शेजाऱ्यांनी सुतक पाळल्यासारखी तोंडं केली होती. मला तेव्हाही वाटत होतं की हाच खरा शहाणपणा, बुडीत एकदाच सोसावं. त्याच्या जागी बो निक्स हा नवखा आणला. नवख्यांचे पगार निवडीच्या क्रमांकावरून ठरतात, त्यामुळे चार वर्षांचे मिळून दोन कोटीही नाहीत. संघ दहा सामने जिंकून बाद फेरीत गेला, २०१५ च्या हंगामानंतर पहिल्यांदाच.

२०२५ साली विल्सन न्यूयॉर्क जायंट्समध्ये होता. मधल्या वर्षात तो पिट्सबर्गकडूनही खेळून आला होता. डेन्व्हरच्या वहीत मात्र त्या वर्षीही त्याच्या नावापुढे आकडा होता, ३ कोटी २० लाख.