पहिले तीन महिने, पोट दिसत नाही तेव्हाचे

नमस्कार मंडळी, आणि खास करून नमस्कार त्या सगळ्यांना ज्यांनी अजून घरात कोणालाच सांगितलेलं नाहीये. आज तुमच्याबद्दलच बोलायचंय.

सुरुवात करूया आठवड्यांच्या हिशोबापासून, कारण तिथेच सगळे गोंधळतात. पाळी चुकली, टेस्ट केली, दोन रेघा आल्या, आणि डॉक्टर म्हणतात पाचवा आठवडा चालू आहे. मग नवरा-बायको बोटं मोजत बसतात की असं कसं, तेव्हा तर हे गावाला गेले होते! तर घाबरू नका, आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे पहिले दोनेक आठवडे पोटात कोणीच नसतं तरी ते धरतात, कारण गर्भ नेमका कुठल्या दिवशी राहिला ते बहुतेकींना सांगता येत नाही पण पाळीची तारीख आठवते.

आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. बाळाचा मेंदू आणि मणका ज्याच्यापासून बनतो ती एक नळी असते, न्यूरल ट्यूब म्हणतात तिला, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते. म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबाने सहावा आठवडा. त्या वेळेला कितीतरी जणी अजून "दोन दिवस वाट बघू, पुढे गेली असेल पाळी" असंच म्हणत असतात. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी, रोज 400 मायक्रोग्रॅम, ही दिवस जायच्या आधीपासून घ्यायची असते, मूल हवंय असं ठरवलं की लगेच. डायबेटिस असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील, किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा त्रास होता, तर डोस वेगळा असू शकतो, तो डॉक्टरांना विचारा, मैत्रिणीला नको.

सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसायला लागतात, कधीकधी एखादा आठवडा उशिरा दिसतात, तेवढ्यावरून रडत बसू नका, बऱ्याचदा तारीखच थोडी मागेपुढे झालेली असते. आठव्या आठवड्यात बाळ राजम्याच्या दाण्याएवढं, दीडेक सेंटीमीटर, आणि बाराव्यापर्यंत पाच-सहा सेंटीमीटर, बोटं सुटी झालेली, महत्त्वाच्या सगळ्या अवयवांची मांडणी झालेली. नंतरचे सहा महिने असतात ते मुख्यतः वाढायचे आणि पक्कं व्हायचे.

आणि हे सगळं चाललेलं असताना बाहेरून काय दिसतं? काहीच नाही! म्हणून मग लोकलमध्ये जागा कोणी देत नाही, घरी सासूबाई म्हणतात हल्ली सूनबाई फार झोपते. अहो झोपणारच, प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढलेलं असतं त्याने गुंगी येते, शरीरात रक्त वाढायला लागलेलं असतं, किडन्या जास्त काम करत असतात म्हणून सारखं लघवीला पळावं लागतं, आतडी सुस्तावतात म्हणून ॲसिडिटी आणि पोट साफ न होणं, छाती दुखरी होते, उठताना चक्कर.

उलट्यांचं तर विचारूच नका. फोडणीचा वास आला की पळायचं. "आम्हाला नाही बाई असं काही झालं", हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, कारण 2023 साली नेचर या विज्ञानाच्या मासिकात संशोधन आलंय, जीडीएफ15 नावाचं हार्मोन गर्भाकडून आणि वारेकडून आईच्या रक्तात येतं, आणि जिच्या शरीराला आधीपासून त्याची सवय कमी तिला त्रास जास्त. म्हणजे नाटक नाही, नखरे नाहीत. थोडं थोडं खा, सकाळी उठायच्या आधी कोरडं काहीतरी तोंडात टाका, बहुतेकींचं चौदाव्या आठवड्यापर्यंत कमी होतं. पण पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल, तर सलाईन लागू शकतं, घरी बसून राहू नका.

पपईवरून घरोघरी केवढा गोंधळ! कच्ची टाळा, पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही होत नाही. पण ज्या घरात पपईला बंदी असते तिथेच सकाळी मिश्री लावायला कोणाची ना नसते, आणि मिश्री म्हणजे तंबाखूच आहे हो, त्याने बाळाचं वजन कमी भरतं. तिच्याबद्दल का नाही कोणी बोलत?

तीन महिने कोणाला सांगायचं नाही, या पद्धतीमागे कारण आहे, गर्भपात बहुतेक याच काळात होतात. पण लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, बादली उचलली, जिना चढली म्हणून नाही. आणि तसं काही झालंच तर ते दुःख एकटीने गिळायचं का? गावभर नको सांगू, पण घरातल्या एकीला, ऑफिसातल्या एकीला सांग, म्हणजे कोणीतरी तुला बस म्हणेल.

रक्त जायला लागलं, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाशी दुखलं, भोवळ आली, तर रात्र असली तरी निघायचं, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी बाहेर बीजनळीत अडकलेला असू शकतो. आणि बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे किंवा दवाखान्यात नाव नोंदवा, रक्तगट, हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बीपी बघून घ्या. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका.