बंद खोलीतला मळा

कृष्णाकाठच्या मळ्यांतून रोज पहाटे ताज्या जुड्या सांगलीच्या बाजारात येत असताना, खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत मातीविना कोथिंबीर वाढवण्याचा खटाटोप कोणी का करावा, हा प्रश्न रास्त आहे. जानेवारीत त्याला उत्तर नाही. उत्तर मिळते ते मे महिन्यात, जेव्हा उन्हाने कोवळी रोपे माना टाकतात. किंवा पावसाळ्यात, जेव्हा 2019 आणि 2021 सालांप्रमाणे नदीच मळ्यात शिरते.

अशा खोलीत एकावर एक रचलेल्या, किंचित उतार दिलेल्या पन्हळींतून पाण्याचा पातळ थर सतत वाहतो. मुळांचा खालचा भाग पाण्यात आणि वरचा हवेत राहतो, त्यामुळे अन्न आणि प्राणवायू दोन्ही मिळतात. इथली खतांची भाषा जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदाराला मुळीच परकी नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटयुक्त खते यांची तीव्र द्रावणे एकत्र केली की तळाशी पांढरा साका बसतो, हे ठिबकमधून खत सोडणारा प्रत्येक जण जाणतो. म्हणून येथेही दोन वेगळ्या टाक्या आहेत. पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा पीएच, 5.5 ते 6.5 दरम्यान ठेवावा लागतो, आणि क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यापेक्षा साठवलेले पावसाचे पाणी त्यासाठी सोयीचे पडते.

खरा खर्च प्रकाशाचा आहे. शेतात जे ऊन फुकट मिळते, तेच येथे विकत घ्यावे लागते. हरितद्रव्य मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश शोषते, म्हणून सुरुवातीला अशा खोल्यांत याच दोन रंगांचे दिवे असत आणि त्या जांभळ्या दिसत. परंतु त्या उजेडात पिवळे पडलेले पान ओळखू येत नाही, आणि पान पाहूनच तर भाजीची तब्येत कळते. आता पांढरे एलईडी अधिक दिसतात. 100 वॅटचा एक दिवा 16 तास चालला, तर दिवसाला 1.6 आणि महिन्याला 48 युनिट वीज जळते. लेट्यूस या सॅलडच्या पालेभाजीला हा 16 तासांचा दिवस मानवतो. पालक मात्र इतक्या लांब दिवसात फुलोऱ्याकडे वळतो, त्यामुळे त्याचे दिवे लवकर मालवतात. या हिशेबात मेथीची स्वस्त जुडी बसत नाही, हे मान्य करावे लागेल.

वीज गेली, तर काही तासांचा अंधार रोपे सहज सोसतात. पंप थांबला की मात्र उन्हाळ्यात पन्हळीतील मुळे पाहता पाहता सुकू लागतात. म्हणून या खोलीतील बॅटरीला दिवे जोडलेले नाहीत, फक्त पंप जोडला आहे.