किरण हरवतो कुठे?

मित्रहो, झीमॅक्स ऑप्टिकस्टुडिओ या प्रकाशयंत्रणा डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉन-सिक्वेन्शियल रे-ट्रेस (किरण कुठल्याही क्रमानं वस्तूंवर आदळू शकतात, असा किरणांचा माग) संपला की एक आकडा दिसतो: एररमुळे गमावलेली ऊर्जा. डिटेक्टरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठावर, चित्र छान आलेलं असतं, त्यामुळे बरेच जण तो न वाचताच पुढे जातात. माझं म्हणणं एवढंच आहे, की निकाल बघण्याआधी हा आकडा बघा.

किरणाला प्रत्येक क्षणी ठाऊक असावं लागतं, की आपण कुठल्या माध्यमात आहोत. काचेत कुठे शिरलो, बाहेर कुठे पडलो, हा हिशेब जुळलाच पाहिजे. कॅडमधून (संगणकावर भाग रेखाटायच्या सॉफ्टवेअरमधून) आणलेल्या भागाची दोन पृष्ठं कडेला नीट शिवलेली नसली, की किरण आत शिरतो, पण बाहेर पडायला त्याला पृष्ठच सापडत नाही. मग सॉफ्टवेअर त्याला तिथेच थांबवतं. जॉमेट्री एररचं हे अगदी नेहमीचं कारण.

असे किती किरण गेले तर चालतील? दिव्याचा रिफ्लेक्टर करत असाल, तर हजारात एक गेल्यानं काही बिघडत नाही. पण दुर्बिणीच्या नळीत चंद्राचा नको असलेला उजेड दहा लाखात एक भाग तरी पोचतो का, हे शोधत असाल, तर हजारात एक म्हणजे तुम्ही शोधताय त्याच्या हजारपट ऊर्जा बेपत्ता आहे. तो निकाल कुणाला दाखवू नये.

मला मात्र खरी काळजी वाटते ती एरर न देणाऱ्या चुकीची. दोन काटकोनी प्रिझम जोडून केलेला एक घन घ्या. काच एन-बीके7, अपवर्तनांक 1.517, म्हणजे क्रांतिक कोन सुमारे 41 अंश; याहून तिरका आलेला किरण काचेतून हवेत न जाता पूर्ण परततो. जोडाची फट 0.00001 मिमी राहिली, आणि ती ग्लू डिस्टन्सपेक्षा (ज्याहून जवळची पृष्ठं सॉफ्टवेअर चिकटलेली मानतं, त्या अंतरापेक्षा) जास्त असली, तर सॉफ्टवेअरच्या लेखी मधे हवा आहे. तिरप्या जोडावर किरण 45 अंशांनी येतो, आणि सगळाच्या सगळा परततो. आरपार जाणारा घन आरसा झाला, आणि इशारा एकही नाही! प्रत्यक्षात ही फट 10 नॅनोमीटरची. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 500च्या आसपास, त्यामुळे जवळजवळ सगळा प्रकाश ती ओलांडून जातो. भौमितिक किरणाला तरंग माहीत नसतो, म्हणून ही फट तुम्हालाच बुजवावी लागते. सोपा मार्ग म्हणजे दोन्ही वस्तू किंचित एकमेकींत घुसू द्या. जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे यादीतली नंतरची वस्तू ग्राह्य धरली जाते, तेव्हा क्रम विचार करून लावा.

सिक्वेन्शियलमध्ये, म्हणजे किरण ठरलेल्या क्रमानंच पृष्ठांवर जातो तिथे, प्रकरण सरळ असतं. 20 मिमी त्रिज्येच्या गोलीय पृष्ठाकडे अक्षाला समांतर किरण 21 मिमी उंचीवरून आला, तर छेदनबिंदूच नाही. छेदनबिंदू काढायच्या सूत्रात वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. छिद्र किंवा वक्रता बदला, झालं.

नॉन-सिक्वेन्शियलमध्ये शोध कसा घ्यायचा? फक्त एरर आलेले किरण गाळून चित्रात काढा. ते एखाद्या कडेपाशी किंवा कोपऱ्यात गोळा होऊन संपताना दिसले, तर संशयित सापडला. त्या कॅड-भागाच्या जागी सॉफ्टवेअरचाच तसा ऑब्जेक्ट ठेवा आणि पुन्हा ट्रेस करा. एरर गेली, तर फाइल ज्यानं दिली त्याच्याकडून पृष्ठं नीट शिवून मागवा. तरीही राहिली, तर शेजारच्या वस्तूशी असलेलं अंतर तपासायला घ्या.